मोठा तारा लहानपणी केवढा असतो?

जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेच्या गच्चीवर डिसेंबरातल्या एका रात्री आकाशदर्शन चाललं होतं. मृग नक्षत्र चांगलं वर आलं होतं. मृगाच्या पोटात घुसलेला तीन चांदण्यांचा बाण, त्याच्या खाली लोंबणारी अंधूक रेघ आणि त्या रेघेतला धुरकट ठिपका, म्हणजे मृगातला तेजोमेघ, मी मुलांना दाखवत होतो. दुर्बिणीतून पाहिलं की त्या धुरकटपणाच्या मधोमध चार तारे दाटीवाटीनं बसलेले दिसतात. त्यांतल्या सगळ्यांत तेजस्वी ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या तीसपटींहून जास्त आहे, असं मी सांगितलं. रांगेतून पुढे आलेल्या पाचवीतल्या एका मुलीनं दुर्बिणीला डोळा लावला, बराच वेळ तो काढलाच नाही, आणि मग विचारलं, "सर, हा एवढा मोठा तारा लहान होता तेव्हा केवढा होता?"

मी म्हणालो, "मोठ्या ढगातून मोठा तारा होतो, लहान ढगातून लहान." तिचं समाधान झालं. माझं झालं नाही. तिनं विचारलेल्या प्रश्नावर खगोलशास्त्रात गेली पंचवीस-तीस वर्षं वाद चालू आहे, आणि मी दिलेलं उत्तर त्या वादातल्या एका पक्षाचं होतं. तो पक्ष माझ्या मते मागे पडत चालला आहे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. ही म्हण आपल्या विचारात इतकी मुरली आहे की मोठी गोष्ट दिसली की तिच्या आरंभीच ती मोठी असणार, असं आपण धरूनच चालतो. वडाच्या बीचं उदाहरण देतानासुद्धा, वड त्या बीमध्ये 'असतो', असंच आपण सांगतो. ताऱ्यांच्या बाबतीत हे तपासून बघता येतं, कारण आकाशात पाळणेही दिसतात आणि त्यांतून उठलेले तारेही. या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की मोठ्या ताऱ्याचे पाय पाळण्यात दिसत नाहीत. निदान आजवर कसून शोधूनही ते जवळजवळ दिसलेले नाहीत, आणि हे न दिसणं हाच पुरावा म्हणून गंभीरपणे घेतला पाहिजे.

मोठा तारा कशाला म्हणायचं, हे आधी सांगतो. सूर्याच्या आठपटींहून जास्त वस्तुमानाचा तारा तो मोठा. ताऱ्यांच्या एकाच वेळी तयार झालेल्या पिकात असे तारे शंभरात एखादादेखील नसतात. सूर्य १००० कोटी वर्षं जगतो. सूर्याच्या २० पट वस्तुमानाचा तारा कोटीभर वर्षांत संपतो, आणि संपताना सुपरनोव्हा होऊन फुटतो. आपल्या श्वासातला बहुतेक सगळा ऑक्सिजन अशाच ताऱ्यांच्या पोटात तयार झालेला आहे. संख्येनं इतके थोडे आणि आयुष्यानं इतके अल्प असूनही दीर्घिकेचा सगळा कारभार हेच तारे चालवतात. म्हणून त्यांचा आरंभ कसा होतो, हा प्रश्न कोपऱ्यातला नाही.

पाळणा, म्हणजे तारा ज्यात जन्मतो तो वायूचा ढग, थंड असतो. उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम १० ते २० अंश. तारा म्हटलं की आग आठवते, त्यामुळे ही थंडी चमत्कारिक वाटते. पण ढगात सतत ओढाताण चाललेली असते. गुरुत्वाकर्षण वायूला आत खेचतं आणि वायूची उष्णता त्याला बाहेर रेटते. उष्णता पुरेशी असेल तर ढग फुगलेलाच राहतो. त्याला स्वतःच्या भारानं कोसळायचं असेल तर आधी अंगातली ऊब घालवावी लागते. कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू आणि काजळी-वाळूच्या जातीचे अतिसूक्ष्म धूलिकण हे काम करतात. ते उष्णतेचं रूपांतर डोळ्यांना न दिसणाऱ्या, लांब तरंगलांबीच्या प्रकाशात करतात आणि तो प्रकाश ढगाबाहेर निसटून जातो. असा ढग हळूहळू निवत जातो. पुढे जी भट्टी पेटणार असते तिची पहिली अट ही निवण्याची आहे.

हे ढग 'दाट' म्हणवले जातात, पण तो शब्द जपून वापरायला हवा. दाट म्हणजे घन सेंटिमीटरमध्ये दहा हजार ते दहा लाख रेणू. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या तेवढ्याच जागेत रेणूंची संख्या २७ वर अठरा शून्यं इतकी असते. पृथ्वीवरच्या चांगल्यातल्या चांगल्या निर्वात पंपानंही ज्याला पोकळीच म्हणावं, त्याला अवकाशात दाट ढग म्हणतात. तरीही हा ढग मागचा प्रकाश पार अडवतो, कारण त्याची विरळता त्याच्या लांबी-रुंदीनं भरून निघते. एखाद्या दाट ढगाच्या आरपार एक सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद असा चौकोनी बोगदा काढला आणि प्रकाशवर्षाहून लांब अशा त्या बोगद्यातलं सगळं द्रव्य गोळा केलं, तर ते भरेल सुमारे एक ग्रॅम. चमचाभर पाण्यापेक्षाही कमी. हा एक ग्रॅमचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम आहे.

काळ्या डागांचा इतिहास जुना आहे. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी १९१९ मध्ये आकाशातल्या १८२ काळ्या डागांची यादी छापली. ही भोकं आहेत की आडवे आलेले ढग आहेत, याबद्दल तोवर बरीच चर्चा होऊन गेली होती. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी ताऱ्यांमधल्या जागेत प्रकाश शोषणारी धूळ पसरलेली असल्याचं दाखवलं आणि ती चर्चा मिटली. उन्हाळ्यात पहाटे एखाद्या गडावरून पाहिलं तर हंस नक्षत्रापासून धनू राशीपर्यंत आकाशगंगेच्या पट्ट्याला उभी चिरत गेलेली काळी भेग साध्या डोळ्यांनीही दिसते. ती अशाच धुळीची आहे. मात्र मोठ्या ताऱ्यांचे पाळणे त्याहून दूर आणि त्याहून काळे आहेत. ते सापडायला १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. आयएसओ आणि एमएसएक्स या उपग्रहांनी अवरक्त प्रकाशात आकाशगंगेच्या पट्ट्याची पाहणी केली, तेव्हा त्या सगळीकडे पसरलेल्या मंद उजेडावर काळ्या, लांबट, फांद्या फुटलेल्या सावल्या उमटलेल्या दिसल्या. एरवी धुळीला भेदून जाणारा अवरक्त प्रकाशही ज्यांनी अडवला, ते हे ढग. काहींचं वस्तुमान हजारो सूर्यांचं. आत तारा पेटल्याची काही खूण नाही. मोठा तारा जन्मण्याआधीची जागा पाहायची तर ती हीच, हे जाणकारांनी लगेच ओळखलं.

इथून खरी अडचण सुरू होते. ढगाचा किती मोठा तुकडा स्वतःच्या भारानं कोसळू शकेल, याचं गणित जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्येच मांडलं होतं. ढग जितका थंड आणि जितका दाट, तितका तो तुकडा लहान. या काळ्या ढगांचं तापमान आणि घनता त्या सूत्रात घातली तर उत्तर येतं सूर्याएवढं, किंवा त्याहूनही कमी. म्हणजे थंडी नसेल तर कोसळणं नाही, आणि थंडीत कोसळायला लागलं की ढगाचा चुरा व्हायला हवा. हजार सूर्यांच्या ढगातून छोट्या ताऱ्यांचा थवा निघायला हवा. मग तीस सूर्यांचा तारा येतो कुठून?

यावर दोन घराणी उभी राहिली.

पहिलं घराणं ख्रिस्तोफर मॅकी आणि जोनाथन टॅन यांचं. २००२ आणि २००३ मध्ये त्यांनी असं मांडलं की ढगाला तोलून धरायला फक्त उष्णता नसते. ढगात खळबळ असते, चुंबकीय क्षेत्र असतं. त्या दोघांच्या आधारानं शंभर सूर्यांचा गाभासुद्धा न फुटता एकसंध राहू शकतो. मग तो कोसळला की त्यातून एकच मोठा तारा, किंवा जोडीनं दोन, तयार होतात. पुढे क्रुमहोल्झ आणि मॅकी यांनी २००८ मध्ये त्याला एक देखणी जोड दिली. ढगातून आधी लहान तारे तयार होतात. त्यांच्यावर वायू पडताना जी ऊब निघते, ती भोवतालचा ढग गरम करून त्याचे आणखी तुकडे होऊ देत नाही. पण ही ऊब आत टिकायला ढग पुरेसा दाट हवा, आणि त्याची मर्यादा येते चौरस सेंटिमीटरला सुमारे एक ग्रॅम. आपल्या चौकोनी बोगद्यातला एक ग्रॅम तो हाच. लहानांनी घर उबदार ठेवायचं आणि त्या उबेत मोठ्यानं वाढायचं, ही कल्पना मला फार आवडते. म्हणूनच तिच्याकडे जास्त संशयानं पाहायला हवं, असंही वाटतं.

दुसरं घराणं इयन बॉनेल, मॅथ्यू बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. १९९७ पासून ते म्हणत आले की आरंभी सगळे सारखेच असतात. ढगाचे तुकडे लहानच पडतात, जीन्सच्या गणिताप्रमाणे. पण जो तुकडा ढगाच्या मधोमध, गुरुत्वाच्या खोलगट भागात असतो, त्याच्याकडे भोवतालचा वायू वाहत येतो. तो वाढतो, वाढल्यामुळे आणखी ओढतो, आणि शेजारी उपाशी राहतात.

फरक टाकीचा आणि विहिरीचा आहे. टाकीत जेवढं भरून ठेवलं तेवढंच पाणी. विहिरीचं पाणी तिच्या घेरावरून कळत नाही. ते ठरतं पाणलोटावर, वरच्या अंगाच्या डोंगरउतारावर, झऱ्यांवर, मुरमावर. एकाच शिवारात सारख्याच खोलीच्या दोन विहिरींपैकी एक मार्चमध्ये आटते आणि दुसरी मे उलटला तरी चालते. पहिलं घराणं तारा टाकीतून भरतं असं म्हणतं, दुसरं विहिरीतून. शाळेच्या गच्चीवर मी टाकीचं उत्तर दिलं होतं.

दोन्हींतलं खरं कोणतं, हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. टाकीवाले बरोबर असतील तर कधीतरी एखादी भरलेली, शांत टाकी सापडली पाहिजे: थंडगार, आत ताऱ्याचा मागमूस नसलेला, तीस-चाळीस-साठ सूर्यांचा एकसंध गाभा. अशा गाभ्यांची अपेक्षित संख्याही अंदाजानं काढता येते. आपल्या आकाशगंगेत शतकाला साधारण दोन सुपरनोव्हा होतात, तेव्हा तितकेच मोठे तारे दर शतकाला जन्मतही असणार. असा गाभा कोसळायला, घनतेनुसार, ३० हजार ते १ लाख वर्षं लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी आकाशगंगेत असे शांत, भरलेले गाभे सहाशे ते दोन हजार असायला हवेत. गणित ढोबळ आहे. एका गाभ्यातून दोन-तीन तारे निघत असतील तर आकडा तितक्या पटीनं खाली येईल. पण तो शेकड्यांत राहील, एक-दोनवर येणार नाही.

मग शोध सुरू झाला. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीवर ६६ तबकड्यांची अल्मा दुर्बीण आहे. हवेतली वाफ मिलिमीटर तरंगलांबीचा प्रकाश खाऊन टाकते, म्हणून इतक्या कोरड्या, उंच जागी जावं लागतं. थंड ढगात काय शोधायचं, हेही नाजूक काम आहे. ढग मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचा, आणि इतक्या थंडीत हायड्रोजनचा रेणू मुका असतो. काहीच प्रक्षेपित करत नाही. एरवी त्याची बातमी देणारा कार्बन मोनॉक्साइड या थंडीत धुळीच्या कणांवर बर्फासारखा गोठून बसतो. उरतात नायट्रोजनची संयुगं. अमोनियाच्या रेणूंवरून तर तापमान मोजता येतं. १९६८ मध्ये अवकाशात सापडलेला हा रेणू खगोलशास्त्रज्ञांचा तापमापक होऊन बसला आहे. आणखी एक खूण ड्युटेरियमची, म्हणजे जड हायड्रोजनची. विश्वात लाख हायड्रोजनांमागे तो एक-दोनच, पण कडाक्याच्या थंडीत रेणूंमध्ये साध्या हायड्रोजनची जागा तो बळकावत जातो. त्यामुळे जड हायड्रोजन असलेला नायट्रोजनचा रेणू जिथे भरपूर, ती जागा थंड आणि अजून न पेटलेली, असं समजायचं.

या खुणेवरून टॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एका काळ्या ढगात सी१-एस नावाचा गाभा शोधला. सुमारे साठ सूर्यांचा, थंड, शांत. टाकी सापडली असं वाटलं. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच जागेतून वायूचे अरुंद, वेगवान झोत बाहेर पडताना दिसले. असे झोत फक्त वाढत्या ताऱ्याकडून निघतात. तारा आत आधीच बसलेला होता. आपल्यालाच दिसला नव्हता. या गोष्टीत मला सगळ्यांत भावतं ते हे की झोत शोधणाऱ्यांमध्ये टॅन स्वतः होते. आपल्या आवडत्या कल्पनेचा उत्तम पुरावा त्यांनी आपल्याच हातानं खोडला.

यानंतरचं मोठं काम पॅट्रिसिओ सानुएझा आणि त्यांच्या गटाचं. ७० मायक्रॉनच्या प्रकाशातही काळे दिसणारे, म्हणजे आत काहीही तापलेलं नसलेले बारा मोठे ढग त्यांनी निवडले. त्यांत २९४ गाभे मोजले. त्यांपैकी न पेटलेला आणि ३० सूर्यांहून जड असा एकही नाही. पाहणी पुढे ३९ ढगांपर्यंत वाढली, ८३९ गाभे झाले, आणि चित्र बदललं नाही. पाळणे भारी, मुलं सगळी लहान.

इथे टाकीवाल्यांच्या बाजूनं प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. डब्ल्यू४३ नावाच्या दूरच्या, अतिशय दाट प्रदेशात ६ क्रमांकाचा एक गाभा आहे. त्याचं वस्तुमान साठ सूर्यांच्या जवळपास, आणि २०१८ च्या अल्मा निरीक्षणांत त्यातून झोत निघताना दिसले नाहीत. तो सी१-एसच्या वाटेनं गेला नाही तर काही मोठे तारे टाकीतूनही भरतात, हे मान्य करावं लागेल. शिवाय आकाशगंगेच्या एका कोपऱ्यातले थोडेच ढग आपण पाहिले आहेत. पण शेकड्यांनी अपेक्षा असताना संशयित उमेदवार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरावेत, यातून काहीच निघत नाही असं म्हणणं मला पटत नाही. चोख शोध घेऊन हात रिकामे आले तर ते रिकामेपणही मोजमापच असतं.

आणि मुळात 'गाभा' हा शब्दच आपल्याला फसवतो का, ही शंका मला हे सगळं वाचताना सारखी येत राहिली. गाभा म्हटलं की फळातली कोय डोळ्यांसमोर येते: टणक, वेगळी काढता येणारी, स्वतःची हद्द असलेली. ढगात अशी हद्द नसते. एका दुर्बिणीला जिथे एक गाभा दिसतो, तिथे चौपट तीक्ष्ण दुर्बिणीला पाच दिसतात. आज ज्याला आपण साठ सूर्यांचा गाभा म्हणतो, तो उद्या लहान-लहान गाभ्यांची मोळी निघू शकतो. मोजणारा हात जिथे थांबतो तिथे वस्तूची सीमा मानण्याची ही सवय फक्त खगोलशास्त्रातली नाही, पण इथे ती फार स्वच्छ दिसते. टाकीच्या कल्पनेला कोय लागते. विहिरीच्या कल्पनेला प्रवाह पुरतो.

प्रवाहाचा पुरावा मात्र भरपूर आहे, आणि तो डोळ्यांना सुखावणारा आहे. २००९ ते २०१३ या काळात काम केलेल्या हर्शेल या अवरक्त वेधशाळेनं दाखवलं की थंड ढग गोळ्यांसारखे नसून धाग्यांच्या गुंत्यासारखे असतात. जिथे अनेक धागे एकत्र येतात, त्या गाठींमध्येच मोठे तारे वाढताना दिसतात. निकोला पेरेत्तो यांच्या गटानं २०१३ मध्ये असा एक ढग बारकाईनं पाहिला. एसडीसी ३३५ हे त्याचं नाव, अंतर सुमारे ११ हजार प्रकाशवर्षं, एकूण वस्तुमान साडेपाच हजार सूर्यांचं. सहा धागे मध्यभागी येऊन मिळतात, जशा डोंगरावरच्या घळी एका ओढ्याला मिळतात. वेग मोजल्यावर कळलं की धाग्यांमधून वायू मध्याकडे वाहतो आहे आणि सगळा ढगच आत कोसळतो आहे. हजार वर्षांना दोन-अडीच सूर्य भरतील इतका वायू मध्यभागी पोहोचत होता. मधल्या गोळ्यात त्या पहिल्या मोजमापानुसार पाचशेहून जास्त सूर्यांचं द्रव्य होतं. पुढे अधिक तीक्ष्ण निरीक्षणांत तो गोळाही एकसंध राहिला नाही, फुटून दिसला.

या ढगानं एक जुना वादही सोडवला, असं मला वाटतं. २००५ मध्ये क्रुमहोल्झ, मॅकी आणि क्लाइन यांनी बॉनेल यांच्या मताला रोखठोक हरकत घेतली होती. खळबळणाऱ्या ढगात वेगानं पळणारा वायू छोटासा तारा ओढून घेऊच शकत नाही; गणित केलं तर त्याची वाढ नगण्य ठरते, असं त्यांचं म्हणणं. हरकत बरोबर होती. फक्त त्यात एक गृहीत होतं: ओढण्याचं काम ताऱ्यालाच करावं लागतं. एसडीसी ३३५ मध्ये तारा काही ओढत नाही. हजारो सूर्यांचा अख्खा ढग आपल्याच गुरुत्वानं खाली येतो आहे आणि तारा फक्त उताराच्या तळाशी बसलेला आहे. विहीर पाणी ओढत नाही, पाणी तिच्याकडे येतं. बॉनेल यांच्या मताची ही सुधारलेली आवृत्ती म्हणावी लागेल, आणि माझा कौल तिला आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. मोठा तारा लहान होता तेव्हा सूर्याच्या जन्मावेळच्या गाभ्याहून वेगळा ओळखू आला नसता. अर्ध्या-एक सूर्याच्या तुकड्यातून तो सुरू झाला. लाखभर वर्षांत वरून येणाऱ्या प्रवाहानं त्याला तीस सूर्यांचा केला.

त्याला इतकं वाढता कसं आलं, हा पुढचा प्रश्न, आणि तोही एके काळी अजिंक्य वाटत होता. मोठा तारा वाढत असतानाच पेटतो. सूर्यासारखा तारा आधी गोळा होतो आणि मग सावकाश आकुंचन पावून हायड्रोजन जाळू लागतो. मोठ्याला तेवढा धीर नसतो. वरून वायू पडत असतानाच आतली भट्टी सुरू होते. वीस सूर्यांच्या ताऱ्याचा उजेड सूर्याच्या चाळीस हजार पटींच्या पुढे असतो. प्रकाशालाही रेटा असतो आणि धूलिकण तो रेटा झेलतात. लार्सन आणि स्टारफील्ड यांनी १९७१ मध्ये, आणि फ्रान्झ कान यांनी १९७४ मध्ये दाखवलं की हा रेटा पडणाऱ्या वायूला एका मर्यादेनंतर परत ढकलेल. कान यांच्या हिशेबात ही मर्यादा चाळीस सूर्यांच्या आसपास येत होती. पण त्याहून मोठे तारे आकाशात उघड दिसत होते. गणित चुकलेलं नव्हतं. त्यात वायू चहूबाजूंनी सारखाच पडतो असं धरलं होतं. प्रत्यक्षात पडणारा वायू फिरत असतो, त्यामुळे ताऱ्याभोवती त्याची चपटी तबकडी होते. द्रव्य तबकडीच्या कडेनं आत येतं आणि प्रकाश वर-खाली, मोकळ्या बाजूंनी निघून जातो. क्रुमहोल्झ यांच्या गटानं २००९ मध्ये संगणकावर शंभर सूर्यांचा ढग कोसळवला, त्यातून ४१.५ आणि २९.२ सूर्यांची जोडी निघाली, उजेडाच्या रेट्याला न जुमानता.

तबकडीतून वायू एकसारखा येत नाही, घासाघासानं येतो. २०१५ मध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एनजीसी ६३३४ मध्ये आणि एस२५५ मध्ये, वाढते मोठे तारे अचानक कित्येक पटींनी उजळले. शेजारच्या वायूतल्या मिथेनॉलच्या रेणूंनी ६.७ गिगाहर्ट्झवर एकदम जोर धरला. हे नैसर्गिक मेसर, म्हणजे सूक्ष्मलहरींचे लेसर, फक्त मोठ्या ताऱ्यांच्याच पाळण्यात आढळतात, असं १९९१ मध्ये त्यांचा शोध लागल्यापासून दिसून आलं आहे. तबकडीतला एखादा मोठा गोळा ताऱ्यावर पडला असावा. म्हणजे पाणलोटातून खाली आलेलं पाणीही शेवटच्या टप्प्यात हबक्या-हबक्यानं विहिरीत उतरतं.

या सगळ्या शोधात आपल्या भागाचा वाटा कुठे, असं शाळांमधून हटकून विचारतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादेहून बलूनला बांधून वातावरणाच्या वरच्या थरात पाठवली आणि तारे जन्मणाऱ्या ढगांतल्या धुळीची ऊब दूर-अवरक्त प्रकाशात मोजली. तेव्हा अल्मा नव्हती, हर्शेल नव्हती. आणि त्या शाळेपासून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. विज्ञान दिनाला तिथे जत्रेसारखी गर्दी होते. ४५ मीटर व्यासाच्या तबकडीखाली उभं राहून वर पाहिलं की जाळीतून आकाश दिसतं. बारीक तारांच्या त्या जाळीवर रेडिओलहरी परावर्तित होतात हे मुलांना खरंच वाटत नाही. या तीस तबकड्यांना थंड ढग दिसत नाहीत. त्यांच्या तरंगलांबी मीटरच्या मापातल्या. त्यांना दिसतो तो पुढचा टप्पा. मोठा तारा तापला की त्याचे अतिनील किरण भोवतालच्या हायड्रोजनचे अणू फोडतात, आणि तो फुगत जाणारा तप्त बुडबुडा रेडिओत चमकतो. पाळणा मोडल्याची ती पहिली खूण.

वाढ थांबते कशानं, याबद्दल आपण सहसा त्या बुडबुड्यालाच जबाबदार धरतो. ते बहुतेक वेळा खरं असेल. पण मृगातल्या त्याच धुरकट ठिपक्यामागे, चार ताऱ्यांच्या पाठीमागच्या दाट ढगात, दुसराच प्रकार घडलेला आहे. १९६७ मध्ये एरिक बेकलिन आणि गेरी नॉयगेबाउर यांनी तिथे अवरक्त प्रकाशात झळकणारा, डोळ्यांना न दिसणारा एक तारा नोंदवला. त्यांच्याच आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला बीएन म्हणतात. पुढे त्याची चाल मोजली गेली. तो आणि त्याच्या शेजारचे वाढते तारे एकमेकांपासून दूर पळत आहेत. त्यांचे मार्ग मागे नेले तर ते एका जागी येऊन मिळतात, आपल्या गणनेनं सुमारे पाचशे वर्षांपूर्वी. गाठीतल्या दाटीत वाढणारे ते तारे एकमेकांच्या फार जवळ आले, गुरुत्वाच्या हिसक्यानं उधळले गेले आणि त्याच धक्क्यानं ढगातला वायू बोटांसारख्या शेकडो धारांनी बाहेर फेकला गेला. अल्मानं त्या धारा एकेक करून मोजल्या आहेत. बीएन तेव्हा दहाएक सूर्यांचा झाला होता. आज तो सेकंदाला वीस-तीस किलोमीटर वेगानं आपल्या पाणलोटाबाहेर चालला आहे, आणि मागे वायू अजून त्याच गाठीकडे उतरतो आहे.